चौथ्या नटावरची रेघ

खोटं वाटत असेल तर वाटू दे. कुणाला पटवत बसायचं त्राण आता माझ्यात नाही. पण हे घडलंय. रविवारची भर दुपार होती आणि आमच्या गॅरेजच्या शेडमध्ये मी एकटाच होतो.

गाडी दादाची. मागे रुंद चाकं आणि उंच शॉकअब्सॉर्बर टाकायचे होते. मूळच्या जागी ते बसेनात, म्हणून ते धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या आम्हीच आखून बनवायला घेतल्या. काम अर्धवट टाकून दादा गेला. साधा ताप, आणि खेळ खलास.

आता वहिनी पोरीला घेऊन त्याच गाडीने कायमच्या माहेरी निघणार होत्या. वाटेत एक पट्टी सुटली असती, तर दोघींचं काय झालं असतं?

आमचा एक नियम होता. मी नट आवळून पिवळी रेघ मारायची. दादाने पुन्हा तपासून शेजारी पांढरी. दोन रेघांशिवाय गाडी दाराबाहेर जायची नाही.

चारही पट्ट्यांचे नट आवळले. पिवळ्या रेघा मारल्या. अंग आंबून गेलं होतं. स्टुलावर टेकलो.

कट्...

टॉर्क पान्याचा आवाज. नट पुरेसा आवळला की तो असाच वाजतो.

पाना माझ्या मांडीवर होता.

कट्...

कट्...

मग काहीच नाही.

गाडीखाली सरकलो. तीन नटांवर पांढरी रेघ. ओली. दादाची रंगाची डबी तर केव्हाच वाळून दगड झाली होती.

चौथा नट मात्र तसाच...

खरं सांगतो, भीतीपेक्षा वैतागच जास्त आला. मेल्यावरही याला माझं काम पसंत नाही! चौथी पट्टी उतरवली. भेग नाही, काही नाही. तरी नवी केली, बसवली, आवळली. वाट पाहिली.

शांतता.

संध्याकाळी वहिनी आल्या. "भावजी, झाली का गाडी?"

खोटं बोलवेना. सगळं सांगून टाकलं. हसतील असं वाटलं. हसल्या नाहीत. चाकाशी उकिडव्या बसल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "जाऊ द्या आता आम्हाला. मी सावकाश चालवीन."

बराच वेळ काहीच नाही...

कट्.

वहिनी आणि पोर सुखरूप पोचल्या. पट्टीत खरंच खोट होती, की दादालाच त्यांना सोडवत नव्हतं, देव जाणे.

त्यानंतर शेडमध्ये तो आवाज कधीच आला नाही. गाड्या आता एकाच रेघेवर बाहेर जातात.

आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत मी दारातून हलत नाही.