ते येतात

त्या दिवशी आईला ताप होता, म्हणून आजोबांचा डबा घेऊन मी गेले. आजोबा म्हणजे आईचे वडील, तिचे अण्णा. जन्मभर शिंपीकाम केलं, आता दोन खोल्यांत एकटे राहायचे.

"एकटे कुठे?" आई म्हणायची. "अण्णाच सांगतात ना, रोज संध्याकाळी ते येतात म्हणून. ते म्हणजे शेजारचे कंपाउंडर. देवमाणूस अगदी!"

मी पोचले तेव्हा वीज गेली होती. जिन्याखाली इस्त्रीवाल्या मावशी निखारे विझवत होत्या. मी सहसा आपणहून बोलत नाही, पण जिना फारच काळोखा होता.

"कंपाउंडरकाका आहेत का वर?"

"ते? ते कधीच गेले लेकीकडे राहायला. कुलूपसुद्धा गंजलं की गं त्यांचं."

मग येतं कोण?

जिना चढताना आजोबांचा आवाज ऐकू आला. हळू, अदबीचा. "हात सैल सोडा... हां. श्वास रोखू नका..."

दार नुसतं लोटलेलं होतं. आत कसलासा उग्र वास कोंडला होता. बंद खिडकीच्या काचेतून येईल तेवढाच उजेड. आजोबा मापाची पट्टी धरून भिंतीकडे तोंड करून उभे होते. पट्टीचं दुसरं टोक कोपऱ्यातल्या अंधारात होतं. ते मला दिसलं नाही. पण पट्टी ताणलेली होती.

"आजोबा..."

"हळू बोल. ते आलेत."

आजोबा वळले. सदऱ्याची बटणं भलत्याच काजांत अडकवलेली, एक बाजू वर, एक खाली. दुसऱ्याची कॉलर वाकडी दिसली तरी ज्यांचा जीव वरखाली व्हायचा, ते हे आजोबा!

"थांब, मेणबत्ती लावतो. पाहुण्यांना अंधारात कसं..." त्यांनी काडेपेटी उघडली.

तेव्हा मला तो वास कळला. गॅस.

"काडी ओढू नका!"

वर्गात माझं 'हजर' पुढच्या बाकापर्यंतही पोचत नाही. त्या ओरडण्याने मावशी धावत वर आल्या. आम्ही खिडक्या उघडल्या. स्वयंपाकघरात शेगडीचं बटण उघडंच होतं. वर दूध उतू गेलेलं पातेलं; त्यानेच ज्योत विझली असणार. मागच्या नळीचा कॉक मात्र बंद होता.

मावशींचा निरोप मिळताच आई तशीच तापात आली. पातेलं पाहिलं, सदऱ्याची बटणं पाहिली आणि आजोबांसमोर बसली.

"अण्णा, कंपाउंडर तर कधीच गेले म्हणे. मग कोण हो ते, रोज येतात ते?"

"असं काय विचारतेस? तूच पाठवतेस ना त्यांना, माझ्याकडे बघायला?"

 आई म्हणाली, "आता मी बघेन. चला घरी."

मला वाटलं, आजोबा चिडतील. पण ते लहान मुलासारखे हसले. "कधी विचारतेस याचीच वाट बघत होतो गं. हल्ली काजंच सापडत नाहीत बोटांना."

आता ते आमच्याकडे असतात. आई त्यांची बटणं लावते आणि ते तिच्या शिवणीला नावं ठेवतात. भिंतीपलीकडून त्यांचं घोरणं ऐकू आलं, की मला छान झोप लागते.

आजोबांना आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबा तिकडची शेगडी काढायला गेले, तेव्हा तो नळीचा कॉक काही केल्या फिरेना. शेवटी पक्कड लावावी लागली.

"कोणी आवळला होता एवढा?" बाबांनी घरी येऊन विचारलं.

आई म्हणाली, "अण्णांनीच. दुसरं कोण?"

 आजोबांना त्याच सकाळी औषधाच्या बाटलीचं झाकणसुद्धा मीच उघडून दिलं होतं.