पहिल्याच फेरीला तापणारी गाडी

"चोर घरातलाच आहे. तुम्ही फक्त खात्री करून द्या, आज संध्याकाळी त्याला कामावरून काढते," असं म्हणतच बाई आत आल्या आणि पंख्याखालच्या खुर्चीत बसल्या.

वहिनींनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "चोरीला काय गेलंय?"

"पाणी. म्हणजे ते हिरवं, कूलंट. गाडीतलं."

भाऊजींनी हसू खोकल्यात लपवलं. बँकेतून निवृत्त झाल्यावर थोरल्या भावाच्या बायकोच्या हाताखाली काम करायला दुसऱ्या कुणाला कमीपणा वाटला असता. भाऊजींना उलट अभिमान वाटे. खाजगी तपासाच्या या धंद्यात वहिनींनी त्यांना इतक्या वेळा तोंडात बोट घालायला लावलं होतं, की आता ते बोट तयारच असे.

बाईंचा व्यवसाय एकाच गाडीवर चालला होता. पेशंटना घरून इस्पितळात न्यायचं आणि परत आणून सोडायचं. हे काम त्यांचे वडील आप्पा यांनी सुरू केलं. आता गाडी चालवायचा तो मौनी. मुळात कमी बोलणारा, म्हणून सगळे त्याला मौनीच म्हणत.

"थंडी सुरू झाल्यापासून गाडी पहिल्याच फेरीला चढावर तापते," बाई सांगू लागल्या. "वाफच वाफ! मग मौनी डिकीतला कॅन काढून कूलंट ओततो, आणि पुढे दिवसभर गाडी ठणठणीत. मेकॅनिककडून आणली की तो दिवसही नीट जातो. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. पलीकडच्या कंपनीने मौनीला बोलावलंय, म्हणून आमची गाडी बदनाम करतोय. आज तर डायलिसिसला निघालेल्या आजी रस्त्यात अडकल्या. त्यांच्या मुलाने मला फोन केला. मी आजींना दुसऱ्या गाडीत बसवलं आणि ही ओढून आणली. बॉनेटला कुणाला हात लावू दिला नाही."

"हे मात्र झकास केलंत," वहिनी उठल्या. "चला भाऊजी."

गाडी अंगणात पत्र्याच्या शेडखाली उभी होती. आता ती पूर्ण गार झाली होती. वहिनींनी बॉनेट उघडलं. रेडिएटरशेजारच्या प्लास्टिकच्या बाटलीत हिरवं कूलंट काठोकाठ भरलं होतं आणि बाहेरून ओघळ वाळले होते.

"भरलेलं तर आहे!" भाऊजी म्हणाले.

वहिनींनी दोन बोटांनी रेडिएटरचं टोपण फिरवून काढलं आणि टॉर्च मारला. आतली पातळी कितीतरी खाली गेली होती.

"वहिनी, इथे कुठेतरी पाणी मुरतंय."

"मुरत नाहीये भाऊजी, उकळून बाहेर पडतंय. का, ते बघू."

मेकॅनिक बाईंच्या बोलावण्यावरून आधीच आला होता आणि आल्यापासून फुरंगटला होता. "माझ्यावर संशय नको. टोपणाच्या जागी पंप लावून रेडिएटरमध्ये दाब भरला. तसूभर उतरला नाही. पाइप, गॅस्केट, सगळं शाबूत. तरी शंका नको म्हणून टोपणही नवीन घातलं. स्वतः चढावर नेऊन आणली. तापमानाचा काटा जागचा हलला नाही."

"म्हणजे पंपाने टोपण सोडून बाकी सगळं तपासलं?"

"हो, पण टोपण नवं कोरं आहे म्हटलं ना!"

"तुमच्या कामात खोट दिसत नाही," वहिनी म्हणाल्या, तेव्हा कुठे मेकॅनिकचा चेहरा जरा सैल झाला.

मौनी भिंतीला टेकून उभा होता. त्याच्याकडून शब्द काढायचे म्हणजे चिकाटीचं काम.

"कॅन कुणाचा?"

"माझा. मीच विकत आणला. पेशंट अडकायला नको."

"रस्त्यात टोपण उघडताना काही वेगळं जाणवलं?"

"थांबून थांबून, जाड फडक्याने उघडतो. भाजायची भीती असते. भरलं की नीट दाबून लावतो."

"सकाळी निघण्यापूर्वी?"

"सकाळी पाणी आप्पा बघतात. त्यांनी मला गाडी शिकवली. त्यांनी लावलेलं टोपण मी परत कसं तपासणार?" मग तो चाचरत म्हणाला, "ताई, आप्पांना काही विचारू नका."

भाऊजींनी वहिनींना डोळ्यांनी खूण केली. इतका बोलला म्हणजे नक्कीच अपराधी! वहिनींनी तिकडे साफ दुर्लक्ष केलं.

आप्पा पुढच्या खोलीत चहा घेत होते. कप त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला होता. अंगात बिनबटणांचा स्वेटर होता. माणूस मात्र ताठ होता.

"गाडीचं पाणी आजवर दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "रोज सकाळी टोपण काढतो, काठोकाठ भरतो, लावतो. मुलगी म्हणते मौनी चोर आहे. मला नाही पटत. पण मग पाणी जातं कुठे, तेही कळत नाही."

टेबलावर गोळ्यांची बाटली होती. औषधांवर मत द्यायला भाऊजींना फार आवडे. त्यांनी बाटली झाकणाला धरून उचलली. झाकण हातात आलं आणि गोळ्या साऱ्या फरशीवर पसरल्या. भाऊजी शरमेने टेबलाखाली शिरले. बाहेर आले तेव्हा वहिनी आप्पांच्या बोटांकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा हळवा झाला होता.

"सगळ्यांना गाडीपाशी बोलवा, भाऊजी."

सगळे जमले. वहिनी आधी आप्पांकडे वळल्या. "आप्पा, मी सांगू, की तुम्ही सांगता?"

"मला माहीतच नाही तर काय सांगू? बोला तुम्ही."

"बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा. इथेच निम्मं उत्तर होतं," वहिनी सांगू लागल्या. "इंजिन तापलं की पाणी फुगतं. टोपणाने दाब धरला तर ते आत राहतं आणि लवकर उकळत नाही. दाब धरला नाही तर ते बाटलीत जातं, बाटली भरली की रस्त्यावर सांडतं. गार झाल्यावर परतही येत नाही. म्हणजे दोष टोपणाचा. पण टोपण नवीन!"

"तेच तर!" मेकॅनिक म्हणाला.

"टोपणाला दोन टप्पे असतात. पहिल्यावर ते नुसतं अडकतं, लागल्यासारखं वाटतं, पडतही नाही. काढताना फारसा जोर लागत नाही, पण लावताना जोराने खाली दाबून पुढे फिरवलं तरच दुसऱ्यावर घट्ट बसतं. आज मी ते दोन बोटांनी फिरवून काढलं. नीट बसलेलं टोपण असं निघत नाही. आता बघा. मेकॅनिकने लावलं, तो दिवस ठीक. मौनीने रस्त्यात लावलं, उरलेला दिवस ठीक. गाडी तापते फक्त पहिल्या फेरीला. त्या आधी टोपण कोण लावतं?"

भाऊजींना आत्ता लख्ख दिसलं: दोन तळव्यांतला कप, बिनबटणांचा स्वेटर, नुसतं टेकवलेलं झाकण. सगळं त्यांच्या नाकासमोर होतं, गोळ्या तर त्यांनी स्वतः वेचल्या होत्या! काय बाई आहे ही, असं त्यांच्या मनात आलं आणि छाती उगाच फुगली.

"आप्पा, थंडी पडली आणि बोटं आखडली, हो ना?" वहिनींनी अगदी हळू विचारलं.

आप्पा पुढे झाले. त्यांनी टोपण उचलून रेडिएटरवर ठेवलं आणि दाबलं. टोपण थोडं फिरलं आणि अडकलं. त्यांनी पुन्हा जोर लावला. ते तसूभरही पुढे सरकेना.

बाई मौनीकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

"हात दुखतात ते माहीत होतं. बोलू नको म्हणाले होते. टोपणाचं खरंच नव्हतं माहीत, ताई."

"आणि मी तुला चोर म्हणत राहिले, तरी गप्प?" बाई म्हणाल्या. "चुकले रे मी. तू कुठेही जायचं नाहीस."

"मला सांगायचंत ना, आप्पा," त्या वडिलांना म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर घरी बसवलं असतंस."

आप्पांनी टोपणावरचा हात काढला आणि मौनीला जागा करून दिली. मौनीने टोपण दाबून फिरवलं. ते कट्‌ असा आवाज करून बसलं. मग आपली वाकडी झालेली बोटं आप्पांनी मुलीपुढे धरली. तिने ती दोन्ही हातांत घेतली.

"मौनी," आप्पा म्हणाले, "उद्या इस्पितळाच्या फेरीत मागची पेशंटची एक सीट मोकळी ठेव. मला यायचंय."