मोरूच्या पोटातली क्लिप

हे खरं घडलंय. कीर्तनात टाळ धरणारा माणूस मी, असलं रचून सांगायला माझी जीभ वळायची नाही.

गेला मार्गशीर्ष. गुरुवार. दुपारचे साडेतीन. पेणमधला एक खासगी दवाखाना.

माझा मावसभाऊ मोरू धरमतरच्या खाडीत मासे धरतो. त्या सकाळी त्याला रक्ताची उलटी झाली. पोटातल्या अल्सरमधून रक्त वाहत होतं. डॉक्टर तोंडातून दुर्बीण घालून, तिच्यातून सारलेल्या तारेच्या टोकाची बारीकशी क्लिप तिथे लावणार होते.

मी बाहेर बाकावर नाम घेत बसलो.

वीस मिनिटं झाली...

सिस्टर मनस्वी धावत बाहेर आली.

"काका, क्लिप बसली, पण तारेतून सुटत नाय. ओढली तर पोट आतून फाटेल. देवाचं नाव घ्या."

"तेच घेतोय गो बाय!"

दार लागलं. आतल्या मशीनचा टीं-टीं आवाज वाढत गेला...

आणि एकदम थांबला.

मला वाटलं, संपलं.

थोड्या वेळाने डॉक्टर आले. घामाघूम, पण हसत.

"वाचला! पण त्या आजींना आत कोणी सोडलं?"

"कुठल्या आजी?"

"हिरवं लुगडं, गुडघ्यापर्यंत ओलं. मी तार ओढणार, तोच माझा हात धरला. म्हणाल्या, 'मेल्या, माशाच्या पोटात गळ अडकला तर ओढतात काय? ढील दे. जरा पुढं सार. मंग फिरव.' तसं केलं... सुटली."

मी भिंतीला टेकलो.

आम्हा पोरांना गळ सोडवायला असंच शिकवायची ती काशीबाई मावशी. मोरूची आई.

तीन वर्षांपूर्वी खाडीत बुडाली.

"अजून काय बोलली?"

डॉक्टरांचं हसू गेलं.

"मोरूच्या पोटावर हात ठेवला. म्हणाल्या... 'ह्यो चाप आत हाय तवर पोर तुमचा. मंग माजा.'"

अशी क्लिप दोन-चार आठवड्यांत आपोआप गळून पडते, असं डॉक्टरच सांगतात.

चार महिने झाले. एक्स-रेत ती जागच्या जागी. डॉक्टरांना नवल वाटतं. मी मात्र देवाकडे एवढंच मागतो, ती पडू नये.

काल रोह्याला कीर्तन होतं. बुवांचं आख्यान रंगात आलेलं. मोरू माझ्या शेजारी. मध्येच त्याने पोटावरून हात फिरवला.

"दादा, एकदम हलकं वाटतंय रे."

आणि तो सतरंजीवर माझ्याकडे सरकला...

पलीकडे एका माणसापुरती जागा करून.

आज त्याला एक्स-रेला न्यायचंय.

दोनदा चपला घातल्या. दोनदा काढल्या.