जमनीचं दूध कोणी आटवलं?

"नबीभाई, माह्या वयनीले उद्या तांड्याभाईर काढून राह्यले," खेमसिंग दारातूनच म्हणाला. "डाकीण मनतात तिले."

गुलाम नबींनी आधी त्याला पाणी दिलं. पोलिसातली जमादारी सोडल्यापासून ते पांढरकवड्यात खासगी तपास करत. सोबतीला असायचे बबनराव, निवृत्त तलाठी. मनानं मोकळे, डोक्यानं जरा सावकाश.

एकसष्ट सालचा चैत्र होता. खेमसिंगची बायको जमनी बाळंत होऊन महिना उलटला होता. दूध आधीच बेताचं, ते बघता बघता पार आटलं. ताप नाही, गाठ नाही. तिचं खाणंपिणं बघायची खेमसिंगची विधवा वहिनी, हंसाबाई. तिला मूलबाळ नव्हतं. तांड्याला तेवढं पुरलं.

"माही माय गेल्यावर तिनंच मले वाढवलं," खेमसिंग म्हणाला. "तिले कशी जाऊ देऊ?"

वाटेत दवाखाना होता. जमनीला तिथल्याच डॉक्टरांनी तपासलं होतं.

"औषधानं दूध आटते का?" नबींनी विचारलं.

"आटतं ना. बाळ दगावलं तर आईला आम्ही स्त्री-हार्मोनच्या गोळ्या देतो. पण तांड्यावर कोणाही बाईला दिल्या नाहीत."

"बायांलेच देता?"

"नाही, पुरुषांच्याही एका दुखण्यात देतात. मात्र मग त्यांना त्रास होतो, तो..."

"चला नबीभाई, ऊन तापून राह्यलं!" बबनराव बाहेरून ओरडले. नबी मात्र पूर्ण ऐकूनच बाहेर आले.

तांड्यावर हंसाबाई मांडीवर पोर घेऊन बसली होती. बकरीच्या दुधात कापसाची वात बुडवायची, चिमुकल्या ओठांत धरायची. तिचे डोळे जागून लाल झाले होते. तशातही तिनं पाहुण्यांपुढं चहा ठेवला.

"जमनी काय खाते?" नबींनी विचारलं.

"जे आमी खातो थेच. डिंकाचे लाडू तेवढे तिचे एकटीचे."

"डिंक कोण कुटते?"

"मामाजी. जंगलातून थेच आणतात. या खेपेले तं मले खलबत्त्याले हातबी लावू नाही देल्ला." मग ती बबनरावांकडं वळली. "प्या ना च्या, भाऊ! डाकिणीनं केला मनून थंडा करता का?"

बबनरावांनी घाईनं घोट घेतला आणि जीभ पोळून घेतली.

जमनी घुंगटाआडून पुटपुटली, "वयनीनं काही नाही केलं."

"दूध कमी येते हे कोणाले सांगतलं होतं?"

"वयनीलेच. अंगणात. मामाजी होते तिथं, पण मी त्यायच्यासंग बोलत नाही."

तांड्याची रीतच तशी होती. सून सासऱ्याशी बोलत नसे, सासराही सुनेला काही विचारत नसे.

सासरे धावजी लिंबाखाली बसले होते. अंगात जाड कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, आणि कपाळावरून घाम निथळत होता.

"बाबा, उकडत नाही?" बबनराव म्हणाले.

"म्हाताऱ्याले थंडी वाजते."

"तब्येत कशी हाय?" नबींनी विचारलं.

"दिवाळीत लघवी अडकलती. नागपूरच्या डाक्टरनं गोळ्या देल्ल्या. देवासारख्या लागू पडल्या."

"आता?"

"सरल्या." एवढं बोलून ते झोपडीमागं गेले. परतले ते कळवळतच. थोड्या वेळानं पुन्हा गेले.

तांड्याचा प्रमुख, नायक हिरासिंग, यानं स्पष्टच सांगितलं, "सकाळी बैठक हाय. काही सांगाचं असन तं तवाच सांगा. नाही तं बाई जाईन."

सकाळी नबींनी नायकाला बाजूला घेतलं. बैठक झोपडीत भरली. आत नायक आणि घरचीच माणसं.

"जमनीले दूध आटवायच्या गोळ्या देल्ल्या गेल्या," नबी म्हणाले. "हंसाबाईले थ्या कुठून भेटतीन? आन् पोरीचं वाईट करायचं असतं तं वातीनं दूध पाजत रात रात कायले जागली असती? साऱ्यायचं खाणं एकच, लाडू तेवढे जमनीचे. लाडू वळले हंसाबाईनं, पण डिंक कुटला दुसऱ्यानं. बाबा, तुमच्या दुखण्यात बायांच्या हार्मोनच्या गोळ्या देतात. तुमच्या सरल्या नाहीत. थ्या डिंकात गेल्या, मनून तुमचं दुखणं परतलं."

"आन् कोट?" बबनराव गोंधळून म्हणाले.

"त्या गोळ्यायनं माणसाची छाती सुजते. बाईवानी. बाबा थेच झाकून राह्यले."

धावजींनी मान खाली घातली. "मले लाज वाटे. मंग मनात आलं, गोळ्यायनं माही छाती भरली, तं जमनीची काहून नाही भरणार? सुनेले इचारता येत नाही. मनून डिंकात कुटल्या. कमी पडू नये मनून सोता घेणं सोडलं." ते मोठ्या सुनेकडं वळले. "हंसा, तुह्यावर आळ आला तवाबी मले वाटलं नाही का थ्या गोळ्या असतीन. मी तं दूध देऊन राह्यलतो."

नबी हळूच म्हणाले, "छाती सुजणं हा औषधाचा त्रास हाय बाबा, लाज नाही. गोळ्या पुन्हा सुरू करा, त्रासाचं डाक्टरले सांगा. जमनी, लाडू बंद. पोरगी छातीशी लावत राह्य. दूध परत येऊ शकते, डाक्टर मनतात. तोवर वात हायच."

घुंगट हलला. जमनी पोरीला घेऊन उठली आणि साऱ्यांदेखत सासऱ्याच्या पाया पडली.

"मामाजी, सोताचं दुखणं अंगावर काढून मले औषध देल्लं तुमी. माह्या बापानंबी केलं नसतं येवढं."

मग ती जावेकडं वळली. तिनं पोरगी हंसाबाईच्या मांडीवर ठेवली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडू लागली.

खेमसिंग डोळे पुसत होता. बबनरावही पुसत होते, धुराचं निमित्त करून.

हिरासिंगनं घसा खाकरला. नायकाचा हुकूम बाहेर उभ्या तांड्याला ऐकू जावा म्हणून त्यानं आवाज चढवला, "तं मंग ऐका! हंसाबाई..."

"नायक," हंसाबाईनं त्याला अडवलं, "फैसला हळू सांगा. पोरगी आत्ताच झोपली."