तिसऱ्या खोलीतले गहू

स्तानिमिरने आणि मी प्लोवदिवच्या नाट्यगृहात चोवीस वर्षं दिवे सांभाळले, म्हणून हे छातीठोक सांगतो. कालिना, हसू नकोस. एकाच प्रेक्षकासाठी नाटक बसवायचं म्हणताय ना तुम्ही? मग ऐका.

सात जून, मृतांचा शनिवार. तुमच्या आयांनीही गहू उकडून, साखर घालून, गेलेल्यांच्या नावाने वाटले असतील. स्तानिमिरच्या घरी ते शिजत नसत. त्याचा मुलगा लुबेन तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत रोडोपीच्या डोंगरात गेला, तो परतला नाही. सापडलाही नाही. बायको दोब्रिंका म्हणायची, "मी त्याच्या नावाने गहू शिजवीन, त्या दिवशी तो मेला."

मुलीने, यानिताने, त्या दिवशी बळेच त्याला असल्याच एका नाटकाचं तिकीट काढलं, एकाच प्रेक्षकाचं. "जा हो बाबा. घरात बसून बुरशी येईल तुम्हाला."

रात्री नऊला तो जुन्या गावातल्या, नाटक होतं त्या घरी पोहोचला. दारातल्या मुलीने मोबाइल काढून घेतला. "तीन खोल्या. प्रत्येक खोलीत एक निवड. केलेली निवड मागे घेता येत नाही."

"आणि मी काहीच नाही निवडलं तर?"

"आजोबा, तीही निवडच."

पहिल्या खोलीत टोपीवाला नट खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाला, "बसतोस की उभा राहतोस?"

"उभाच बरा."

"राहा. तुझ्या पोराला शोधायला लोक बर्फ उपसत होते, तेव्हाही तू रस्त्यावर उभाच होतास."



"काका, यानितानेच सांगितलं असणार त्यांना," कालिना मधेच म्हणाली.

मलाही तेच वाटलं. विचारलं मी तिला. तिने फक्त वडिलांचं नाव दिलं होतं.

दुसरी खोली रिकामी. दोन दारं. एकाखालून उजेड येत होता. दिवेवाला माणूस, उजेडाकडेच जाणार.

आत स्वयंपाकघर. एक म्हातारी, पाठमोरी.

"उशीर केलास."

ती वळली. हातात कागदी रुमाल, त्यावर चमचाभर गहू, वर साखर. तिने हात पुढे केला. स्तानिमिर प्रश्नाची वाट बघत होता. पण अशा दिवशी कुणी गहू पुढे केले, तर आपल्यातला कोण नाही म्हणतो? हात आपोआप गेला. तोंडही.

"देव क्षमा करो," गहू घेणाऱ्याने म्हणायचं असतं तसं तो म्हणाला.

गिळले.



"आजी... विचारा ना. काय निवडायचं?"

"निवडलंस की."

"कधी?"

ती टेबलावरची साखर बोटाने गोळा करत राहिली.

"कुणाच्या... कुणाच्या नावाचे होते?"

"आईने धरून ठेवला होता. तीन वर्षं. बापाने एका घासात सोडला." मग दात दिसले तिचे. "चल, नीघ आता."

तो पळाला. कुठल्या दाराने, आठवत नाही. बाहेर ती मुलगी घड्याळ बघत उभी.

"कुठे होतात? तिसऱ्या खोलीत नट ताटकळलाय तुमच्यासाठी."

"गेलो होतो... स्वयंपाकघरात."

"इथे स्वयंपाकघर नाही, आजोबा."

"त्या दुसऱ्या दाराने..."

"दुसरं दार?"

तो चालत घरी गेला. सव्वाअकरा. उकाडा इतका की शर्ट पाठीला चिकटलेला. चौथा मजला. जिन्यात दिवा. दोब्रिंका दाराबाहेर उभी, अनवाणी, खाली बघत.

"काय खाऊन आलास?"

त्याने हाताच्या पाठीने ओठांवरची साखर पुसली.

"स्तानिमिर. काय खाल्लंस?"

पायपुसण्यावर लुबेनचे बूट होते. डोंगरात जाताना पायात होते, तेच. टाचा दाराकडे, चवडे जिन्याकडे.

नाड्यांच्या गाठींत बर्फ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिने मला बोलावलं. बूट कुणी हलवले नव्हते. जिन्याच्या खिडकीतून ऊन थेट त्यांच्यावर पडत होतं. मी वाकून बोट लावलं...

बर्फ तसाच होता.