न्यायला कोण येणार

काकूंच्या पाळणाघराचा फॉर्म मी फुकटात करून दिला. आमची ठकी तिथेच असते, आणि काकूंना नाही म्हणायची हिंमत अजून कुठल्याच आईला झालेली नाही. त्यांची अट एकच होती: नोंद नसलेल्या माणसाच्या हाती मूल द्यायचं नाही.

काम सोपं होतं. मुलाला न्यायला किती माणसं येणार तो आकडा टाकायचा, की पायथनमधला माझा प्रोग्रॅम सर्व्हरवरच नावांसाठी तेवढ्या चौकटी आखून अख्खं पान पाठवणार. ब्राउझर बिचारा आलेलं पान दाखवतो, स्वतःची अक्कल पाजळत नाही. म्हणून तर ही पद्धत मला आवडते.

काकूंनी सकाळी फॉर्म सुरू केला. जेवण झाल्यावर ऑफिसातूनच मी ठकीचा भरायला घेतला. तिला न्यायला जाणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि माझी आई. आकडा टाकला दोन.

चौकटी आल्या तीन.

जुनं काहीतरी साठून राहिलं असेल म्हणून सगळं पुसून पान पुन्हा मागवलं. तीनच. सर्व्हरची नोंद उघडली, तर त्याने दोनच चौकटी आखून पाठवल्या होत्या. शेजारच्या टेबलावरच्या मित्राचा मुलगाही काकूंकडेच असतो; त्याला त्याचा फॉर्म उघडून दोनच आकडा टाकायला लावला.

"माझ्या दोनच आल्या," तो म्हणाला. "तुझ्या लेकीचे लाड जास्त दिसतायत."

मी हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

मग तिसरी चौकट रिकामी ठेवून मी मुद्दामच फॉर्म पाठवला. रिकामी चौकट सर्व्हर स्वीकारत नाही, लाल अक्षरांत हटकतो. ते मीच लिहिलंय. त्याने हटकलं की चूक कुठे आहे ते सापडलं असतं.

पान आलं ते हिरवं. 'तिन्ही व्यक्तींची नोंद झाली.'

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. नोंद पुसायला गेले तर यादीत नावं दोनच, खाली एकूण मात्र तीन. पुसणार काय? काकूंनी फोन उचलला नाही. मी पर्स घेऊन निघाले. अंतर दोनच गल्ल्यांचं, पण मी जवळजवळ धावतच होते, आणि कशाला घाबरतेय हे मला सांगता आलं नसतं.

ठकी दारातच उभी होती. पायांत बूट, पाठीवर दप्तर. तिला छातीशी धरलं तेव्हा कुठे जिवात जीव आला.

"आज लवकर आवरून दिलंत, काकू?"

"मी कुठे? मी आत पोरांना झोपवत होते. तुम्हीच आलात असं वाटलं."

ठकीला बुटाची नाडी बांधता येत नाही. दोन्ही नाड्या बांधलेल्या होत्या.

"कुणी बांधल्या गं?"

ती पायरी उतरून चालूही लागली.

रस्त्यावर मी तिचा हात सोडला नाही. एरवी ती दुसरा हात हलवत, उड्या मारत चालते.

आज तो हात हलत नव्हता. बोटं मिटलेली होती, मोठ्या माणसाचं बोट धरावं तशी. आणि तो माझ्या हातातल्या हातापेक्षा जरा वर होता.