लुकलुकेनासं झालेलं घुबड

“झाकण ढिलं आहे हं! आधी चिकटपट्टी लाव, मग खेळ,” बाजारातल्या खेळणीवाल्या मावशींनी बजावलं होतं. खारूताईने “हो हो!” म्हणत ते डोळे लुकलुकवणारं इवलंसं प्लॅस्टिकचं घुबड खिशात टाकलं आणि मावशींचं म्हणणं वाऱ्यावर सोडलं.

तिला सगळे खारूताई म्हणत, कारण दिसेल ती चिमुकली गंमत ती डब्यात साठवून ठेवी. सशाच्या तोंडाचं बटण, चाक तुटलेला बोटभर रोडरोलर, शेपूट नसलेला काचेचा मासा! सुटीत काकांकडे येतानाही डबा बरोबर होताच.

आज सगळ्यांना पानगळ बघायला टेकडीवर जायचं होतं. पण घरातून निघतंय कोण!

“माझा दुसरा बूट कुठे गेला?” काका ओरडले.

“पायात बघ जरा!” काकू स्वयंपाकघरातून ओरडली.

“आहे की पायातच!” खारूताईचा धाकटा भाऊ म्हणाला. तो ऊठसूट पुरावे मागायचा, म्हणून त्याचं नाव पडलं होतं वकील.

वैतागून खारूताई डबा आणायला खोलीत गेली. बघते तर डबा उघडा, घुबड जमिनीवर! तिने बटण दाबलं. डोळे लुकलुकेनात. उलटं करून पाहिलं, तर पाठीवरचं झाकण गायब आणि आतली चपटी गोल बॅटरीही!

कोपऱ्यात काकांची दीड वर्षाची पिटुकली बसली होती. झबलं लाळेने चिंब.

“वकील, कॉटखाली शिर. लवकर!”

“झाकण मिळालं!” कॉटखालून आवाज आला. “बॅटरी नाही.”

त्यांनी गादी उचलली, पायपुसणं झटकलं, डबा पालथा केला. वकिलाने हळूच पिटुकलीकडे पाहिलं. त्याला आता पुरावा मागायचं सुचेना.

“काकू, पिटुकलीने बॅटरी गिळली असणार!”

“काहीतरीच! दात येतायत तिला. म्हणून तर लाळ गळतेय, दूधही पिईना मघाशी.”

“पण बॅटरी सापडत नाहीये!”

“तुझ्या त्या भंगारात कधी काही सापडलंय का?”

“काका, तुम्ही तरी ऐका!”

“अगं, मी लहानपणी अख्खं नाणं गिळलं होतं. झालं काही? चला, चला, गाडीत बसा!”

खारूताईला राग आणि रडू एकदमच आलं. ही मोठी माणसं! पायातला बूट दिसत नाही आणि म्हणे दात येतायत! शाळेत आलेल्या डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, नाणं वेगळं, बॅटरी वेगळी. ती अन्ननलिकेत अडकली तर आतून भाजत जाते. थांबायचं नाही!

ती वकिलाच्या कानात काहीतरी कुजबुजली आणि गळा धरून मटकन खाली बसली.

“काका! बॅटरी मीच गिळली! ओरडाल म्हणून पिटुकलीचं नाव घेतलं!”

“मी डोळ्यांनी पाहिलं!” वकील साक्षीला उभा राहिला.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. “अरे देवा! वहिनीला काय तोंड दाखवू मी?”

काकूने पिटुकलीला कडेवर घेतलं आणि गाडी सुसाट हॉस्पिटलकडे निघाली.

“कोणी गिळली?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“हिने!” काकांनी खारूताईला पुढे केलं.

“हिने!” खारूताईने पिटुकलीकडे बोट दाखवलं. “मी खोटं बोलले. नाहीतर हे आलेच नसते! आधी हिचा एक्स-रे काढा!”

“कार्टे, हा काय चावटपणा?” काका उखडले.

“तुम्ही जरा गप्प बसा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष त्या चिंब झबल्याकडे गेलं होतं.

एक्स-रेमध्ये पिटुकलीच्या गळ्याच्या जरा खाली गोल पांढरी चकती दिसली.

डॉक्टरीणबाई पिटुकलीला आत घेऊन गेल्या आणि दार बंद झालं. बाहेर चौघं बसून राहिले. शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

“निघाली! थोडं भाजलंय, पण भरून येईल. काही दिवस इथेच राहू दे तिला. अजून उशीर झाला असता, तर मला हे सांगता आलं नसतं. कोणाच्या लक्षात आलं?”

“हिच्या,” काका म्हणाले. “आणि आम्हाला मूर्ख बनवून इथवर आणलं, तेही हिनेच. शाबास, पोरी!”

काकूने खारूताईला घट्ट जवळ घेतलं.

“पण मी खोटी साक्ष दिली, त्याचं काय?” वकिलाने विचारलं. रडता रडता काकूला हसू फुटलं.

आणि वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरी आहे का कोणी नुकतंच रांगायला, चालायला लागलेलं? मग पुस्तक ठेवा बाजूला. बघून या बरं, ते आत्ता काय करतंय! फारच गुपचूप बसलं असेल, तर पळतच जा!